न बोललं जाणारं अक्षर

बोराटेंनी चिमटीत धरलेला खिळा माझ्यासमोर केला आणि विचारलं, "हे काय बोलतं?"

छपाईचा शिशाचा खिळा होता, टोकावर उलटं अक्षर. मी सांगितलं, ई.

"ई म्हणतात ते ठाऊक आहे मला. बोलतं काय?"

प्रश्न मला नीट कळायलाच थोडा वेळ लागला. समोरचा माणूस चौपन्न वर्षांचा होता, बावीस वर्षं इंग्रजी मजकुराचे खिळे जुळवत होता आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. मी एम. ए. होऊन एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो होतो. छापखान्याचं नाव सांगत नाही. आता तो नाहीही. दर डिसेंबरच्या अखेरीस तिथं सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे पेपर छापले जात. त्या कामासाठी चौदा माणसं मागच्या इमारतीत आत घेत आणि दाराला बाहेरून कुलूप लावत. खिडक्यांना पत्रे ठोकलेले असत. जेवण भिंतीतल्या एका झडपेतून येई. पत्र पाठवायचं नाही, आलेलं पत्र मिळायचं नाही. छपाई संपून गठ्ठे सीलबंद झाले की दार उघडायचं. त्या वर्षी एकोणीस दिवस धरले होते आणि मी पहिल्यांदाच आत गेलो होतो.

यशवंत बोराटे मात्र दर वर्षी आत जात. इंग्रजीचा पेपर जुळवायचा तो त्यांनीच, असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. इंग्रजी येणारा जुळारी अर्धा शब्द वाचतो आणि उरलेला आपल्या मनानं जुळवतो. बोराटे अक्षर बघायचे आणि अक्षर उचलायचे. कागदावर जे असेल तेच खिळ्यांत उतरायचं. त्यांच्या हातच्या प्रुफात चूक सापडणं म्हणजे नवल होतं. शिवाय पेपर फुटायची भीती नाही, कारण काय जुळवलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसे.

"घरात इंग्रजी पेपरात गुंडाळून काही आलं की मुलगा वाचतो," ते म्हणाले. "त्यातला एक एक खिळा माझ्या हाताखालून गेलाय. आणि मी नुसता बघत बसतो."

दुपारी चारला चहा यायचा, तेव्हा अर्धा तास मोकळा असे. मी शिकवायला तयार झालो. खरं म्हणजे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या दिवसापासूनच त्या भिंती अंगावर यायला लागल्या होत्या. बाहेर ऊन आहे की ढग आहेत तेही कळायचं नाही. पत्र्याच्या एका भोकातून उजेडाचा ठिपका जमिनीवर पडायचा आणि तो सरकताना बघत माणसं बसायची.

मी स्वरांपासून सुरुवात केली. ए, ई, आय, ओ, यू. बोराटे ऐकून घेऊन म्हणाले, ही तर हाताजवळची घरं. खिळ्यांच्या लाकडी खणात ईचं घर सगळ्यांत मोठं आणि मधोमध असतं. ए, आय, ओ त्याच्या आसपास. क्यू आणि झेड कोपऱ्यात. जे जास्त लागतं ते हाताशी. पण एक गोष्ट त्यांना पटेना.

"आपले स्वर बारा. त्यांचे पाच. मग भागतं कसं त्यांचं?"

मी सांगितलं, एकाच अक्षराकडून तीन-तीन चार-चार आवाज काढून घेतात. कॅटमधला ए वेगळा, केकमधला वेगळा, कारमधला वेगळा, कॉलमधला आणखी वेगळा.

"आणि वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

"सवयीनं."

 त्यावर ते म्हणाले, आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, काय असेल ते लावून मोकळे होतात, वाचणाऱ्याला फसवत नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी दाराजवळच्या लाल बादलीवरचा शब्द त्यांनी आपणहून वाचला. बादली आगीसाठी वाळू भरून ठेवलेली होती. अक्षरांवर बोट ठेवत ठेवत ते मोठ्यानं म्हणाले, "फि-रे." मला हसू आवरेना. मी हसलो म्हणून बाकीचेही हसले, त्यांतल्या निम्म्यांना काय चुकलं ते माहीत नव्हतं. बोराटेही थोडे हसले. दुसऱ्या दिवशी चारला ते पुन्हा समोर येऊन बसले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आपल्याला जे येतं ते समोरच्याला येत नाही, यात मला सुख वाटायचं. हे मी आता सांगतो. तेव्हा कबूल केलं नसतं.

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, शब्दाच्या मागे कधी नुसता ए लागतो आणि कधी ॲन, ते कोण ठरवतं? त्या वेळी पलीकडे कॅरम मांडला होता आणि मशीनमन इस्माईल अत्तार मला हाका मारत होता. माझी पाळी आली होती. मी घाईत सांगितलं, पुढचा शब्द ए, ई, आय, ओ, यूपैकी कशानं सुरू झाला तर ॲन, नाहीतर ए. बोराटेंनी ते पुटपुटून घेतलं. मग आणखी काहीतरी विचारलं. "एवढंच," असं म्हणून मी उठलो.

इंग्रजीच्या पेपराचं शेवटचं प्रूफ मी अकराव्या दिवशी सही करून दिलं. ते परीक्षा मंडळाचे निरीक्षक सावदेकर यांच्या पेटीत गेलं. सावदेकर आमच्याबरोबरच आत कोंडलेले असत. त्यांना वेगळी खोली होती एवढंच. बोराटेंनी जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत आवळून तो फर्मा मशीनवर चढवून दिला. पहिला कागद सावदेकरांनी बघितला, म्हणजे समास आणि पानांचे आकडे बघितले, आणि इस्माईलनं मशीन सुरू केलं. दीड लाख प्रती छापायच्या होत्या. छपाई होताच नियमाप्रमाणे फर्मा मोडून खिळे पुन्हा खणांत टाकले गेले.

सतराव्या दिवशी सकाळी सगळ्यांचा नूर बदललेला होता. दोन दिवस राहिले होते. सर्वांत खुश इस्माईल. त्याची आई हजला निघाली होती. चौदा तारखेला मुंबईच्या गोदीतून जहाज सुटणार होतं आणि तिला पोचवायला त्याला जायचं होतं. आईचं वय सत्तरीपलीकडचं. माणसं त्या वयात जातात तेव्हा सगळ्यांची माफी मागून, निरोप घेऊन जातात, असं त्यानं मला सांगितलं होतं. त्यानं सदरा घडी करून उशीखाली ठेवला होता, इस्त्री नव्हती म्हणून.

माझं काम फक्त शाई बघायचं होतं. गठ्ठ्यातून एक कागद काढायचा, कुठं पुसट आलंय का, डाग पडलाय का बघायचं. मी इंग्रजीचा एक कागद काढला. वाचायचा नव्हता, तरी सवयीनं नजर ओळींवरून गेली आणि एकतिसाव्या प्रश्नावर थांबली.

वर मराठीत सूचना होती, चुकीचा पर्याय ओळखा. चार पर्याय होते. ॲन ॲपल, ए टेबल, ॲन अवर, ए ऑक्स. उत्तर चौथं, ऑक्सच्या मागे ॲन हवं. हा प्रश्न मी प्रुफात चार वेळा वाचला होता.

कागदावर ‘ए अवर’ छापलं होतं.

मी दुसरा गठ्ठा उघडला. तिसरा उघडला. सगळीकडे तेच. एन कुठंच नव्हता. खिळा गळून पडला असता तर ओळ सैल होऊन बाजूची अक्षरं हलली असती. इथं ओळ ताठ होती. एन काढून त्या जागी कोरा तुकडा नीट बसवला होता.

बोराटे खणांवरची धूळ पुसत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "दिसलं का? तुमच्या नजरेतून सुटलं होतं."

मी बोट त्या ओळीवरून काढून घेतलं.

"फर्मा आवळताना वाचलं मी. म्हटलं, चुकीचा पर्याय एक असायला पाहिजे, इथं दोन आहेत. ऑक्स ओनं सुरू, त्याला नुसता ए, तो मुद्दाम चुकीचा ठेवलाय. पण ह्याला एच आहे आणि ॲन लावलंय. तुम्हाला मागनं बोल लागला असता. काढला एन, स्पेस भरली." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी इंग्रजी मजकूर वाचला होता आणि त्यातली चूक शोधली होती. माझ्याकडून ते काय ऐकायची वाट बघत होते ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"बोराटे, तो एच बोलत नाहीत," मी म्हणालो. "त्याला अवर म्हणतात. आवाज ‘अ’पासून सुरू होतो, म्हणून ॲन."

"लिहिलाय की एच."

"लिहिलाय. पण बोलत नाहीत."

ते कागदाकडे बघत राहिले. हातातलं फडकं त्यांनी घडी करून खणाच्या कडेवर ठेवलं.

"तुम्हाला मी विचारलं होतं," ते म्हणाले. "याला सोडून काही आहे का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढंच."

आवाज चढला नव्हता. ते मला दोष देत नव्हते, आठवून बघत होते. मला मात्र कॅरमचा तो पट आठवला आणि इस्माईलची हाक.

त्या दिवशी मी जेवलो नाही. कुठं जाऊन विचार करावा अशी जागाही तिथं नव्हती. चौदा माणसं, एक मोठा हॉल, एक मशीनची खोली, एक मोरी. मी मोरीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. सावदेकरांना सांगायचं तर पान पुन्हा जुळवायचं, दीड लाख कागद पुन्हा छापायचे. एका मशीनवर आठ दिवस. चौदा माणसं आणखी आठ दिवस आत. इस्माईलचं जहाज गेलंच. आणि सहीचं प्रूफ पेटीत होतं, त्यात एन होता. म्हणजे सहीनंतर कुणीतरी हात लावला, आणि लावू शकणारा माणूस एकच होता. त्यानं का लावला असं विचारलं की मग मी.

सांगायचं नाही असं ठरवलं तर? मी हिशेब मांडून बघितला. ज्या मुलाला अर्धाच नियम माहीत आहे, तो ए अवर बरोबर समजेल, ऑक्सवर खूण करेल आणि त्याला मार्क मिळेल. ज्याला पूर्ण येतं त्याला दोन चुका दिसतील आणि तोच अडकेल. असं मूल दीड लाखात किती असेल? कुठल्या तरी लहान गावात, कुणीतरी त्याला नीट शिकवलेलं असेल. मीही तसलाच होतो. त्या शिष्यवृत्तीच्या जोरावर मी हायस्कूलला गेलो होतो.

चारच्या चहाला बोराटे नेहमीच्या जागी बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "कुणाला काही बोलू नका. परवा दार उघडेल. एका मार्काचा प्रश्न आहे."

"एका मार्कानं जाते का शिष्यवृत्ती?"

"जाते कधी कधी."

त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना आणखी एक नियम सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावदेकरांनी मला खोलीत बोलावलं. बोराटे आधीच तिथं होते, हात मागे बांधून उभे. टेबलावर तो छापील कागद आणि माझ्या सहीचं प्रूफ शेजारी शेजारी पडलं होतं. सावदेकर कोरडे, नियमावर चालणारे गृहस्थ होते. मला म्हणाले, बोराटे सांगतात की ही चूक तुम्ही काल त्यांना दाखवलीत. खरं का? मी हो म्हणालो.

"फर्मा उचलताना खिळा पडला असणार, असं म्हणतात ते. लक्षात आलं नाही म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? पडू शकतो?"

बोराटे समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

"पडू शकतो," मी म्हणालो.

सावदेकरांनी तो छापील कागद उचलून उजेडात धरला. मला वाटलं आता त्यांना ती ताठ ओळ दिसेल. पण त्यांना छपाईतलं कळत नव्हतं. कागद खाली ठेवून ते म्हणाले, "निष्काळजीपणा आहे, निलंबन होईल. मजकुराला मुद्दाम हात लावला असता तर मी दार उघडताच पोलिसांच्या हवाली केलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले की शाई बघायला बसवलेला माणूस मजकूरही वाचून चूक पकडतो, हे मंडळाला कळवलं पाहिजे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोराटेंचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसत होते. मी खोलीबाहेर पडलो.

दुपारी सगळ्यांना सांगण्यात आलं की आठ दिवस वाढले. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. चौदा माणसं कोंडलेली असली की राग काढायलाही जागा लागते, ती नव्हती. इस्माईल उठून आपल्या अंथरुणाकडे गेला आणि उशीखालचा सदरा काढून ट्रंकेत ठेवला.

ते पान बोराटेंनी पुन्हा जुळवलं, कारण दुसऱ्या कुणाला जुळवता येत नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून सहा वेळा प्रूफ वाचलं. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. इतर कुणीही त्यांच्याशी बोलत नव्हतं. झडपेतून ताटं यायची तेव्हा त्यांचं ताट सगळ्यांत शेवटी पुढे सरकवलं जाई. चारचा चहा ते मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून घेत. माझ्याशी मात्र सगळे पूर्वीसारखे होते, जरा अधिकच आदरानं वागत होते. चूक मी पकडली होती ना.

चौदा तारखेला सकाळी इस्माईलनं मशीन मध्येच बंद केलं. सावदेकर बाहेर आले आणि दारातच थांबले. इस्माईलनं हात धुतले, पत्रा ठोकलेल्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही तळहात पुढे धरले आणि दुआ पुटपुटला. पाच मिनिटं झाली असतील. मग त्यानं तेच हात तोंडावरून फिरवले आणि मशीन सुरू केलं. बोराटे उंबऱ्यावर उभे राहून हे बघत होते. ते तिथून हलले नाहीत, मशीनच्या आवाजात तसेच उभे राहिले. इस्माईलची आई हज करून सुखरूप परत आली, हे मला पुढे कळलं. पण ते चार-पाच महिन्यांनी.

दार उघडलं तेव्हा उन्हानं डोळे मिटले. माणसं न बोलता पांगली. बोराटे ट्रंक खांद्यावर घेऊन बसथांब्याकडे चालले होते. निलंबनाचा कागद त्यांना आतच मिळाला होता. मी धावत त्यांना गाठलं. मंडळाला पत्र लिहितो, असं मी त्यांना सांगितलं. नियम मी अर्धा सांगितला, तुम्ही विचारलंत तरी मी उठून गेलो, हे सगळं लिहितो. आठ दिवस मनात घोळवलेलं मी एका दमात बोलून टाकलं आणि मला खरोखर हलकं वाटायला लागलं.

त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"म्हणजे मी मुद्दाम हात लावला, असं लिहिणार."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 

"तुम्हाला मोकळं वाटेल, उपासनीसाहेब. मला पोलीस नेतील. आता निलंबनावर भागलंय, चार-सहा महिन्यांनी घेतील परत. घेतलं नाही तरी घरी तर आहे." बस येतेय का ते त्यांनी रस्त्याकडे वळून बघितलं. "तुम्ही काही लिहू नका. कुणाला सांगूही नका. माझ्यासाठी एवढं करा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांना परत घेतलं, पण इंग्रजीवर नाही. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर. मला मार्च महिन्यात मंडळाचं प्रशंसापत्र आलं आणि मालकांनी ते चौकटीत घालून कार्यालयात लावलं. मी तिथं आणखी एकोणतीस वर्षं नोकरी केली. बोराटे निवृत्त झाले, पुढे वारले. तेव्हाही मी त्यांच्या मुलाला काही सांगितलं नाही.

दार उघडलं त्या दिवशी बस आली तेव्हा आम्ही दोघंच थांब्यावर होतो. बोराटे चढले आणि खिडकीशी बसले. शेजारची जागा मोकळी होती. वाहकानं मला विचारलं, येताय का? मी सांगितलं, नाही, मला दुसरीकडे जायचंय. तिथून दुसरीकडे जाणारी बस नव्हती. पुढची तीच बस दोन तासांनी आली, तोवर मी उन्हात उभा होतो.